काई म्हणून हाक मारा

"सोडवून आणलेल्या मुलाला जो खाणीतल्या टोपणनावाने हाक मारेल, त्याच्या हाती मूल देऊ नका," असं मुलांना सोडवणाऱ्या संस्थेच्या फिंडाताईंनी आम्हा आयांना बजावलं होतं. इतका मूर्ख कोण असेल, म्हणून मी हसले होते. काल कोइडूच्या मोटारतळावर, तान्हीला पाठीशी बांधून मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक आजी, तिचा नातू आणि एक माणूस.

"केनेमाच्या शाळेत नेताय, मग फिंडाताई का नाही आल्या?"

"त्यांना ताप आहे, आजी. मीही संस्थेचाच."

"बंदूकवाल्यांनीही असंच गोड बोलून नेलं होतं त्याला, खाणीत हिरे धुवायला, खडी चाळायला."

"लढाई संपली आता! शाळा, गणवेश, दोन वेळचा भात."

"सोबत कसाव्याचा पाला असतो ना? त्याशिवाय घास उतरत नाही माझ्या काईला."

"बोकड कापू हो त्याच्यासाठी! गाडी सुटतेय."

"काई, जातोस ना रे? बोल की."

"तो कुठला बोलतोय! चल रे चाळण्या, चढ."

"आजी, त्याला उतरवा!" मी ओरडले.

"तुम्ही कोण हो बाई? स्वतःचं पोर सांभाळा," तो माणूस खेकसला.

गाडी सुटली.

केनेमात कुणी असाल, तर संस्थेच्या शाळेत जाऊन बघा. तिथं नसेल, तर खाणींवर बघा. पण हाक मारताना काई म्हणूनच मारा.