भैरोबाची घंटा आणि हरवलेलं विमान

मंडळी, आधी एक विचारतो. उत्तराची घाई करू नका, मलाही ते नीटसं ठाऊक नाही. जन्म पोथ्या चाळण्यात गेला आणि अजून शंकाच जास्त आहेत. जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही, ते माणूस छातीठोकपणे सांगतो. मग जे आपल्याच हातून घडलं, ते सांगताना त्याची जीभ टाळूला का चिकटते?

ऐका तर! साठ वर्षांमागची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी करंजघळ नावाचं गाव, शे-सव्वाशे उंबरा. रेडिओ एकच, पंचायतीत, त्यावर विणलेला रुमाल. मनगटी घड्याळ कुणाकडेच नाही. मग वेळ कळायची कशी? तर भैरोबाला दुपारी बाराला नैवेद्य दाखवायचा आणि घंटा वाजायची. घंटा झाली की शेतात बायका भाकरीचं फडकं सोडायच्या, शाळा सुटायची, कुंभार चाक थांबवायचा. काय दिवस होते! एका घंटेवर अख्खं गाव जेवायला बसायचं. आता घरात चार घड्याळं आणि जेवणारे चौघं चार वेळांना. असो, माझं हे असं भरकटतं.

ती घंटा वाजवायचे तातोबा गुरव. एकतीस वर्षं! देवळात किल्लीचं जुनं घड्याळ होतं, त्यावर त्यांची नजर. माणूस अबोल, भिंतीकडेनं चालणारा. जत्रेत पाटील म्हणायचे, "सूर्य ढळेल, आमचा तातोबा ढळायचा नाही." तातोबा मान खाली घालायचे. पण मंडळी, घरी जाऊन ते वाक्य बायकोला अगदी जसंच्या तसं सांगायचे, बरं का!

श्रावणातला सोमवार. आठ दिवस सूर्याचं दर्शन नाही, डोंगर ढगात बुडालेला. यसूबाई, म्हणजे तातोबांची बायको, तापानं फणफणलेली. नैवेद्याचा भात तातोबांनीच चुलीवर ठेवला, तिच्या कपाळावरची पट्टी बदलायला आत गेले, जरा बसले — आणि भात करपला. देवाला करपलेला भात कसा दाखवायचा? पुन्हा तांदूळ धुतले. लाकडं ओली, चूल पेटेना. अखेर नैवेद्य झाला, घंटा झाली, तेव्हा देवळातल्या घड्याळात पाऊण वाजला होता. टोला पडतोय तोच ढगात मोठी घरघर आली. कौलांवरून गेल्यासारखी गेली आणि डोंगरातल्या घळीच्या अंगाला विरली.

आता गंमत बघा. शाळेच्या भिंतीवरचं घड्याळही पाऊणच दाखवत होतं. पण गुरुजींनी घंटा ऐकली, स्टुलावर चढले आणि काटे मागे फिरवून बारावर आणले. म्हणाले, "ओल्या हवेनं पळत सुटलंय." घंटा चुकेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, प्रवासी विमान बेपत्ता. आत बावीस माणसं.

झालं! श्रीपतीच्या हॉटेलात चहाला दूध पुरेना.

"आत सोन्याच्या विटा होत्या म्हणे."

"विटा कसल्या? पायलटच फितूर. परदेशात उतरवलंय."

"अरे, माझ्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याला स्वप्न पडलं. समुद्रात आहे."

"शेजाऱ्याला पोहता येतं का विचार."

हसू नका मंडळी. आपण असतो तर आपलाही एक कप असताच तिथं.

मंगळवारी फौजदार आले. चावडीत गाव जमलं. आवाज ऐकला का? ऐकला. किती वाजता? सगळे एका सुरात, "बाराला, घंटेबरोबर." गुरुजींनी साक्ष दिली, "शाळेच्या घड्याळातही बाराच होते."

फौजदारांनी वही मिटली. "मग ते दुसरं विमान. हे मुंबईहून उडालंच सव्वाबाराला. समुद्राकडं शोध चाललाय, तोच चालू राहील."

तातोबा खांबामागं उभे होते. पाऊणला गेलेला आवाज! म्हणजे त्याच विमानाचा, आणि गेला तो घळीकडं. ते बोलायला पुढं झाले, तेवढ्यात चुलतभाऊ धोंडू दिसला. पूजेचा मान आपल्याकडं यावा म्हणून धोंडू दहा वर्षं टपलेला. नैवेद्यात एकदा तरी चूक सापडू दे, म्हणायचा. एकतीस वर्षांचं नाव, देवाची सेवा, सगळं त्या एका वाक्यानं जाणार होतं. तातोबा पुन्हा खांबामागं गेले. फौजदारांची जीप निघून गेली.

बुधवारी कोकणातून एक म्हातारे मास्तर आले. माईणकर त्यांचं नाव. हातात मुलीचा फोटो. घाटाखालच्या गावोगाव विचारत हिंडत होते. दमून देवळात टेकले. तातोबांनी पाणी दिलं.

"माझी कुमुदिनी," मास्तर म्हणाले. "नर्सची नोकरी लागली होती. पहिल्यांदाच विमानात बसली. कालपासून नऊ जणांनी मला ती कुठं आहे ते सांगितलं. नऊ जागा. तुमच्या हॉटेलात तर म्हणाले, परदेशात खुशाल आहे, पत्र येईल. बाबा, तुम्ही काय ऐकलंत?"

"घरघर."

"किती वाजता?"

तातोबा गाभाऱ्याकडं बघत राहिले. देवळालगतच्या ओवरीतच गुरवांचं बिऱ्हाड; तिच्या दारातून घोंगडी पांघरलेल्या यसूबाई म्हणाल्या, "सांगा की. माझ्या तापापायी भात करपला म्हणून सांगा."

"तुझ्या तापानं नव्हं, यसू. माझ्या हातनं."

मास्तरांचा हात धरून ते चावडीवर गेले. पाटील, गुरुजी, धोंडू, श्रीपती, सगळे होतेच; तर्क अजून संपले नव्हते. तातोबा म्हणाले, "पाटील, सोमवारची घंटा पाऊणला झाली. मला काल ठावं होतं. मी बोललो न्हाई."

धोंडू हसला. गुरुजी म्हणाले, "पण शाळेचं घड्याळ..." आणि एकदम ओट्यावर बसले. काटे कुणी फिरवले, ते त्यांना आठवलं.

पाटील म्हणाले, "धोंडू, हसतोस काय? दोर आण." सायकलवरून एक माणूस फौजदारांकडं धाडला आणि गाव डोंगर चढायला लागलं.

गुरुवारी सकाळी घळीच्या माथ्यावर विमान सापडलं. दोघं जिवंत होते. कुमुदिनी त्यांत नव्हती.

मास्तर खाली आले तेव्हा तातोबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मंगळवारीच बोललो असतो तर..."

मास्तरांनी त्यांना उठवलं. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, ती सोमवारीच गेली. बाकीच्यांतलं कुणी वाचलं असतं का, ते मला सांगता येणार नाही, तुमचं तुम्हाला भैरोबापुढं बोलावं लागेल. पण तातोबा, ती खुशाल आहे म्हणणाऱ्यांनी मला मरेपर्यंत पोस्टमनची वाट बघत दारात बसवलं असतं. तुम्ही मला माझ्या लेकीचं तोंड दाखवलंत."

गावानं पूजा धोंडूकडं दिली. तातोबांनी तक्रार केली नाही. ते मरेपर्यंत देवळाचं अंगण झाडत राहिले, आणि मी ऐकलंय की मास्तर दर श्रावणात येऊन त्यांच्या ओवरीत दोन दिवस राहायचे. दोघं फारसं बोलत नसत.

मंडळी, मला उपदेश जमत नाही, आणि माझा तो अधिकारही नाही. पण श्रीपतीचं हॉटेल आता आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. तुमच्या-माझ्या तोंडून असं एखादं वाक्य निसटलंय, किंवा असं एखादं आत अडकलंय, की ज्यामुळं कुणीतरी आज भलत्याच दिशेला शोधत फिरतंय. तो कोण, ते मी कसं सांगू? तुम्हाला त्याचं घर माहीत आहे.

तेव्हा देवाचं नाव घ्या, आणि इथून उठल्यावर आधी त्या घरी जा. प्रसादाची काळजी करू नका. तुमच्या वाटणीचा मी बाजूला ठेवायला सांगतो.