कोनाड्यातली चप्पल

नाही वामनकाका, हे मले तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज आईच्या फोटोसमोरही पटत नाही. तुम्ही आत्ता माईकवर म्हणाले, सुमनबाईनं नवस शेवटपर्यंत पाळला, धन्य झाली ती माउली. काय धन्य झाली, काका? डॉक्टर तिचा पाय कापायचा म्हणत होते. तो कापायच्या आधीच ती गेली.

माफ करा मंडळी. असं सुरू करायले नव्हतं पाहिजे. सोनाळ्यातले तुम्ही सगळे कामं टाकून आईच्या तेरवीले या मारोतीच्या मंडपात आले. बहिणीच्या सासरचे पिंपळगाव राजाहून आले. मले बोलता येत नाही. सातवीत शाळा सोडली. काल बसमध्ये कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या आता वाचवत नाहीत. मनात आहे तेच बोलतो.

नवस तुम्हाले माहीत आहे, तरी सांगतो. सतरा वर्षांचा होतो. आईसोबत भांडून घर सोडलं. आठ महिने फोन नाही की निरोप नाही. आई याच मारोतीपुढं उभी राहिली अन् बोलली, पोरगा घरी येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. मग दिवाळीले मी आलो. चार दिवस राह्यलो. म्हटलं, "आई, फिटला नं तुझा नवस? घाल चप्पल."

"हे येणं आहे काय रे? पाहुणा येते तसा आला तू. मी देवाले म्हटलं होतं, घरी येऊ दे."

"देवाले म्हटलं होतं. मले थोडीच म्हटलं!"

"तुले म्हणून पाह्यलं नं बाप्पा. तू ऐकतं काय कोणाचं?"

आम्ही दोघंही हसलो. हसलो, मंडळी. ते हसणं आता मले सहन होत नाही.

त्याच्यानंतर सहा वर्षं. मी सुरत केलं, वापी केलं, आता मोरबीत टाइल्सच्या भट्टीवर आहे. एका जागी मन लागत नाही. आणि ती सहा वर्षं अनवाणी. वैशाखात डांबरी रस्त्यानं डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन बाजारात, अनवाणी. मले गाडीवर बसवायले स्टँडपर्यंत, अनवाणी.

वामनकाका या मारोतीची पूजा करतात, पोथी वाचतात, म्हणून त्यांले मी फोन केला होता. "काका, नवस सोडवता येत नाही काय?" काका, तुम्ही म्हणाले, जो नवस विसरते त्याची नाव भर पाण्यात बुडते. अन् हेही म्हणाले, की नवस आपल्या वस्तूचा बोलावा, दुसऱ्याच्या येण्याजाण्याचा बोलू नये. ते मी आईले सांगितलं. तर म्हणते कशी, "मंग पाय तं माहेच आहेत नं!"

मागच्या वर्षी तिले शुगर निघाली. मी मोरबीहून मऊ चप्पल पाठवली. वाटलं, चप्पल घरात आली की आई घालंल. तिनं त्या चपलेले हळदकुंकू लावलं अन् ती इथं घेऊन आली. काका म्हणाले, "बाई, चप्पल कुठं वाहतात देवाले?" ती म्हणाली, "पादुका चालतात, मंग हे काऊन नाही? कोरी आहे. कोणाचा पाय नाही लागला." काकांचा इलाज चालला नाही. त्यांनी ती त्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवली. देवाची झाली.

मग वावरात कपाशीची पऱ्हाटी उपटताना तुटकं खुंट पायात गेलं. जखम बुजेना. डॉक्टर म्हणाले, चपलेशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. बहिणीनं नवी जोडी आणली. आईनं हात लावला नाही. म्हणाली, "मारोतीनं परत दिली तं घालीन." बहिणीले वाटलं, आई टाळून राह्यली. देव काय कोनाड्यातून उतरून देणार आहे? बहिणीनं मले फोनवर सांगितलं, मलेही तसंच वाटलं.

मंडळी, आपण नारळ फोडतो. अर्धा देवापुढं राहते, अर्धा आपल्या हातात येते. पेढे वाहतो, तेच पेढे घरी नेतो. देवाले दिलेलं देव ठेवून घेत नाही, हे आपण दर शनिवारी खाऊन राह्यलो. मग चपलेच्या वेळेस हे एकालेही काऊन सुचलं नाही? मले सुचलं. काल बसमध्ये सुचलं. ती गेल्यावर बारा दिवसांनी.

आज सकाळी मी काकांले विचारलं, "कोणी मागितली असती तर प्रसाद म्हणून दिली असती काय?"

काका म्हणाले, "दिली असती रे. तिच्या पायात घालून दिली असती. पण मागायले कोणी आलंच नाही."

आणि मी? मले तर मागायचीही गरज नव्हती. बॅग भरून यायचं होतं फक्त. बहीण म्हणत होती, "दादा, ये." मी म्हणत होतो, पगार झाला की येतो. आजही मी राहायले आलेलो नाही. उद्या सकाळची गाडी आहे माझी. खोटं काऊन बोलू तिच्यासमोर?

काकांसोबत माझं भांडण नाही. ज्याच्यासोबत आहे, तो उद्या माझ्यासोबतच गाडीत बसणार आहे.

आता दोन मिनिटं उभे राहू. मंडपात आपण सगळे अनवाणीच आहोत. फरशी तापली आहे, पायाले लागून राह्यलं असंल. लागू द्या. बाहेर गेल्यावर आपल्याले चपला आहेत.

आणि वामनकाका, कोनाड्यातली ती जोडी आज तुमच्या हातानं एखाद्या अनवाणी बाईले प्रसाद म्हणून द्या. पुढंही चपला आणा, देवापुढं ठेवा अन् लगेच वाटा. एक रात्रही कोनाड्यात राहू देऊ नका. पैसे मी पाठवीन. नवस बोलत नाही, सांगून राह्यलो. आईले पाठवत होतो तेवढेच. दर महिन्याले अडीच हजार रुपये.