मागच्या स्पीकरमधलं नादस्वरम

(चेन्नईतल्या कोडंबाक्कमचा एक छोटा स्टुडिओ. संगणकाशी बसलेला, आवाजाचं काम करणारा आरोक्यम. मागे थंगम आणि तिची मुलगी कयल.)

आरोक्यम : तसं नाही अम्मा, ही फाइल आली कुठून ते आधी सांगा. चोरून उतरवलेला सिनेमा असेल तर मी हात लावणार नाही.

थंगम : दुकानातून डिस्क घेतली, भाच्यानं तिच्यातून काढून दिली. तू त्या सिनेमावाल्यांपैकी नाहीस ना, तेवढं सांग.

आरोक्यम : ते मला ओळखतसुद्धा नाहीत. काय ऐकायचंय?

थंगम : देवळातल्या भांडणाचा प्रसंग. थिएटरात माझ्या पाठीमागून नादस्वरम वाजलं. माझ्या नवऱ्याचं. ते तर दोन वर्षांपूर्वीच गेले. घरी टीव्हीवर लावलं, तर नुसती बोलाचाली.

कयल : सगळी नादस्वरं सारखीच वाजतात, अम्मा. मन्नारगुडीहून निघाल्यापासून तेच सांगत आलेय.

थंगम : बापानं जन्मभर देवळात नादस्वरम फुंकलं, आणि मुलगी म्हणते सारखीच वाजतात.

आरोक्यम : टीव्हीच्या दोन स्पीकरांत सगळं एकात मिसळतं. फाइलीत मात्र आवाजाचे सहा पदर असतात. पुढचे तीन, घुमणारा एक, मागचे दोन. मी सहाही सुटे करतो. बोलणं मधल्यात राहील. तुमचं असलंच तर मागच्यांत.

थंगम : सुटं करताना काही पुसणार तर नाहीस?

आरोक्यम : मूळ फाइल तशीच राहते. इथे शेजारी बसून बघा हवं तर.

कयल : उशीर होतोय. आपली बस चुकेल.

थंगम : चुकू दे. सकाळपासून तुझी ही घाई कशाला? त्या पळनीला वाचवायचंय तुला. ह्यांच्या आजारपणात शिष्य म्हणून उशाशी बसायचा आणि चोरून रेकॉर्ड करायचा. त्यानंच विकलं हे. यंदाच्या श्राद्धाला आला तेव्हा दारातूनच घालवला मी त्याला.

आरोक्यम : झालं. हा मागचा डावा, एकटाच लावतो.

थंगम : हेच. इथे श्वास तुटतोय, ऐक. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी फुंकायची बंदी केली होती.

आरोक्यम : खाली अजून काहीतरी आहे. बाईचा आवाज वाटतोय. वाढवू?

कयल : नको.

थंगम : वाढव.

फाइलीतला आवाज : पुरे आता, अप्पा. फोन बंद करते मी.

थंगम : कयल.

कयल : तू बाजारात गेली होतीस. फोनवर रेकॉर्ड कर म्हणून तेच मागे लागले. म्हणाले, देवळात आता मशीनचा ढोल वाजतो, माझं कुठेतरी मोठ्यानं वाजू दे. सिनेमावाले गावात आले तेव्हा मी दिलं. फुकट दिलं.

थंगम : आणि मला सांगावंसं वाटलं नाही?

कयल : त्या फुंकण्यानंच ते गेले, असं तू येईल त्याला सांगत होतीस. समोर मी बसले होते हे कसं सांगणार?

थंगम : पळनीला चोर म्हटलं, तेव्हा तू आत पानं वाढत होतीस. ऐकत होतीस सगळं.

कयल : हो.

आरोक्यम : मी जरा कॉफी सांगून येतो.

थंगम : बस रे भावा. हा आवाज असाच काढून दे मला. हिचं बोलणंही राहू दे त्यात. कयल, पळनीला फोन लाव.

कयल : काय सांगू त्याला?

थंगम : तू काही सांगू नकोस. इकडे दे, मी बोलते.