लूम परस्पर दुरुस्त केल्याबाबत

मी, धम्मदिना सोमा भालेराव, वय २८ वर्षे, धंदा शिल्पकाम, राहणार कामतघर, भिवंडी. समक्ष हजर राहून पुरवणी जबाब देते की, माझ्या शिल्पाची अज्ञात इसमाने मोडतोड केल्याची तक्रार मी आज दुपारी रागाच्या भरात दिली होती.

मी एआयकडून पॉवरलूमचे चित्र काढून घेतले होते. चित्र देखणे होते, पण सूत वाहून नेणारे तीन धोटे एकमेकांत घुसलेले आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे लोखंडातून आरपार गेलेले. असा लूम जन्मात चालणार नाही. तोच मी भंगारातले भाग जोडून, चुकांसकट उभा केला. आठ महिने लागले. शनिवारपासून मुंबईत प्रदर्शन आहे, माझे पहिलेच.

आज सकाळी नऊ वाजता शिल्प नारपोलीतील गाळ्याबाहेर टेम्पोसाठी काढले. बाहेर आलेला दांडा रस्त्यात दिसावा म्हणून त्याला लाल चिंधी बांधली व टेम्पो आणि दोर आणायला गेले. साडेबाराला परतले तेव्हा दोन धोटे जमिनीवर होते, धागे सरळ झाले होते. मी रस्त्यातच रडले व पोलीस ठाण्यात आले.

हवालदार रुचिका मॅडम सोबत आल्या. शेजारच्या गाळ्यातील जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे, पंढरीकाका तिथेच चहा पीत होते. ते म्हणाले, "मीच केला. लाल चिंधी व्हती ना! चिंधी दिसली का जॉबरनं विचारायचं न्हाय, हात घालायचा." बंद पडलेल्या लूमला अशी चिंधी बांधतात हे मला ठाऊक होते. चूक माझी आहे.

त्यांनी हाताने लूम फिरवला. बोटभर कापड निघाले. "अकरा घोटाळे व्हते. नव काढले, दोन काय निघंनात. कुनी बनवला ह्यो?" मी एआयचे सांगितले. "मंग त्यानं लूम लांबूनच बघितला असंल."

आठ महिन्यांत मला सातच चुका सापडल्या होत्या. मला हसू आवरेना, मॅडमनाही. आयोजकांना फोन केला, ते तयार झाले. प्रदर्शनात मी रोज सकाळी लूम बिघडवणार, काका लोकांसमोर दुरुस्त करणार. काकांनी ड्युटी किती वाजता एवढेच विचारले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. वाचन ऐकताना पंढरीकाकांना काढलेला आणखी एक घोटाळा आठवला, म्हणून वर अकराऐवजी बारा व नवऐवजी दहा वाचावे. ही दुरुस्ती मला मान्य आहे.