सवतीच्या सड्यावरचा दिवा

अरं ए, ते फडकं ठेव खाली! मारू नगंस त्या पाखराला. बल्बाभवती फिरतंय, फिरू दे. रसाच्या कढईत, काहिलीत, पडलं तर मी काडीनं काडून टाकीन. रसाचं काय वाईट व्हत न्हाई त्यानं.

बसा. सरका असं चुलवानाकडं, थंडी लागंल. गुळाचं आदन उतरायला अजून येळ हाय. तवर ऐका. आन् ही ऐकीव गोष्ट न्हवं, सांगून ठेवतो. ह्याच गुऱ्हाळावरनं ती बाई गेली. ह्या, ह्या चिंचंखालनं. माज्या डोळ्यांदेखत.

दिवाळी झाल्यावरची आवस व्हती. दिस बुडून झाला व्हता. ह्यो आसा काळाकुट्ट अंधार! मी रसावरची मळी काडत व्हतो. बगतो तर बॅटरीचा उजेड. कोन? तर बाईमानूस. एकटी! पाठीला पिशवी, खांद्यावर दोन बांबू, काखंत चादरीची वळकटी. मी म्हनलं, "कोन ते?"

"मी आहे, यसबामामा. इंगवलेबाई."

आता ही इंगवलेबाई कोन, ते ऐका. हेमलताबाई इंगवले. बाजारगावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायची. तिची जोडीदारीन जुबेदाबाई मुजावर, त्याच शाळंत. दोघी एका डब्यात जेवायच्या, एका एस्टीनं यायच्या. दोघींनी त्या वर्सी एक काम काडलं व्हतं. आपल्या तालुक्यात रातपाखरं, म्हंजे दिव्यावर येनारं पतंग, कितिक जातीची, कुटली कुटं गावत्यात, कंच्या म्हयन्यात येत्यात, समदं बगायचं. फोटू काडायचा. लिवून ठेवायचं. वर्सभर! गावोगाव!

आन् जायच्या कवा? आवसंलाच. का? तर चांदनं असलं की पाखरू दिव्याला येत न्हाई. म्हनून आवस. रानात पांढरी चादर टांगायची, म्होरं दिवा लावायचा, आन् बसायचं वाट बगत. एकदा तर मेंढक्यांनी ह्यांनाच भुतं समजून मेंढरं सोडून धूम ठोकली! पांढरी चादर, निळा उजेड, आन् दोन बाया वाकून काय येचत्यात. पळतील न्हाई तर काय करतील?

तर काय सांगत व्हतो? हां. दोघी दोन चादरी लावायच्या. एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. आन् तितंच बिनसलं बगा.

जुबेदाबाईच्या चादरीवर काय यायचं, म्हाराजा! केळीच्या कोवळ्या पानागत हिरवं, मागं दोन शेपट्या. एक तर ताटलीएवढं तांबडं, पंखावर काचंच्या खिडक्या. आन् हेमलताबाईच्या चादरीवर? भुरकट, बारकी. लाकडाचा भुसा उडावा तशी. हेमलताबाई म्हनायची, "जागा बदलू या का गं?" जुबेदाबाई म्हनायची, "बदलू की!" बदलायच्या. तरीबी तेच! समदं घबाड तिच्याच चादरीवर.

मग पेपरात फोटू आला. दोघींचा न्हवं. एकीचा. लोकं म्हनाया लागली, "त्या पाखरंवाल्या मुजावरबाई!" हेमलताबाईनं शाळंत पेढं वाटलं. हसली. पन हसू दातावरच ऱ्हायलं. घरी जाऊन ती बाई जेवली न्हाई. तिची सासूच मला पुढं म्हनली.

आन् एक पाखरू दोघींनाबी गावलं न्हवतं. त्याच्या पाठीवर मान्साची कवटी असती. हसू नगा, खरंच असती! धरलं तर उंदरागत ची-ची वरडतं. हेमलताबाईच्या सपनात तेच यायचं. आन् सपनात सुदीक ते कुटं बसायचं? जुबेदाबाईच्या चादरीवर!

जळत व्हती हो ती बाई. आतनं जळत व्हती. ह्या चुलवानाचा जाळ दिसतो तरी. तिचा दिसत न्हवता.

तर त्या राती मी इचारलं, "बाई, एकट्याच? दुसऱ्या बाई कुटं?"

म्हनली, "ती आज यायची नाही."

"आन् चाललाय कुटं?"

तिनं बॅटरी वर केली. सवतीच्या सड्याकडं, त्या वरल्या कातळाच्या माळाकडं!

माज्या हातातली मळीची झारी थांबली. मी म्हनलं, "बाई, ती वाट नगं. समदा तालुका फिरलासा, त्यो सडा सोडा. कोन बाई सवतीपायी कड्यावरनं गेलीया तितनं. आवसंला तितं गुरं सुदीक चढत न्हाईत."

"म्हणूनच तिथं कुणी पाहिलेलं नाही, मामा," ती म्हनली. आन् गेली.

थोड्या येळानं आली की जुबेदाबाई! धापा टाकत. "मामा, हेमा इकडनं गेली का?" म्हनली, "मला म्हणाली सासू आजारी आहे, आज नको जाऊ या. मी बघायला घरी गेले, तर सासू म्हणते ती तुमच्याच बरोबर गेलीय!" मी सड्याकडं बोट केलं. तिच्या तोंडचं पानी पळालं. मी म्हनलं, "थांबा, आदन उतरवतो, गडी घेऊन येतो." थांबती कुटली! बॅटरी घेऊन सुटलीच.

आता वर काय झालं ते ऐका. हे हेमलताबाईनंच हितं बसून सांगितलं. मी एक अक्षर पदरचं घालीत न्हाई.

सड्यावर पोचली. जांभा दगूड, खुरटी झुडपं, वारा न्हाई. बांबू रोवलं, चादर टांगली, दिवा लावला. आन् लावायचा उशीर, पाखरं आली! शेकड्यानं! हिरवी, पिवळी, हळदीकुकवाची, डोळं असल्यागत पंख. चादर दिसंना. बाई रडाया लागली आनंदानं. म्हनली, आता बोल जुबेदा!

त्वांड उघडून हे नाव घेतलं, आन् समदी पाखरं उठली. एकदम. एका टायमाला. भर्रर्र! चादर कोरी.

कुटं गेली? बगती तर सड्याच्या पल्याड दुसरा दिवा. तसाच निळा. आन् पाखरांची रांग त्या दिव्याकडं.

तिच्या मनात काय आलं? भूत? न्हाई! देव? न्हाई! तिच्या मनात आलं, जुबेदा. माज्या आदी येऊन बसली. मला सांगितलं न्हाई आन् आली. सोता खोटं बोलून आलीया हे इसरली बगा. रागच तसा असतो.

निघाली तरातरा. सोताचा दिवा तसाच सोडून. चालती, चालती, तर त्यो दिवा तेवढाच लांब. तिनं पाय उचलला की त्योबी सरकतो. मागं वळून बगितलं, तर आपला दिवा न्हाई. अंधार. आन् म्होरनं हसू आलं. जुबेदाबाईचंच हसू! "हेमा, बघ कसलं आलंय माझ्याकडं!"

पळाली. काट्यांनी पातळ फाटलं, पायाला रगात आलं. म्होरं चादर दिसली. पांढरीफेक, पन तिच्याम्होरं दिवाच न्हाई. चादरच उजेड देतीया! आन् तिच्यावर पाखरंच पाखरं. जवळ गेली. आनी जवळ. हात लांब केला.

चादर न्हवती हो. पाठमोरी बाई बसली व्हती. पांढरं पातळ, डोईवरनं पदर. अंगभर पाखरं. आन् मानंजवळ, बरुबर मधी, ते. कवटीचं.

पाठमोरीनं मागं न बगता इचारलं, "ती तुजी कोन? सवत?"

हेमलताबाईच्या तोंडातनं आलं, "नाही. मैत्रीण."

"माजीबी मैत्रीनच व्हती," ती म्हनली. "माज्याच ताटात जेवायची."

ऐकताय न्हवं? पुढं या जरा.

तेवढ्यात खाली, लांब, बारका उजेड हाललेला दिसला. बॅटरी. आन् हाक आली, "हेमाऽऽ! अगं हेमाऽऽ!" ही खरी जुबेदाबाई. हेमलताबाईनं वळखली.

पाठमोरी म्हनली, "आली बग. आता तुजं ते पाखरूबी तिकडंच जानार. तिचा दिवा इजवू का? तू निस्तं व्हय म्हन. मग समदी पाखरं तुजी."

पाठमोरी परत बोलली.

"वर्सभर तूच सोसलंस. चादरी तू धुतल्यास. नाव कुनाचं झालं?"

मानंजवळचं पाखरू हाललं. खालच्या उजेडाकडं त्वांड केलं त्येनं.

आन् हेमलताबाई म्हनली, "हो."

म्हनली हो! हितंच, ह्याच पोत्यावर बसून सांगितलं तिनं. म्हनली, "मामा, मी हो म्हणाले. कुणी वदवून घेतलं नाही. मीच म्हणाले."

खालची बॅटरी इजली. किंकाळी आली. आन् दगडं घरंगळल्याला आवाज.

पाठमोरी उठली. "लई वर्सं बसले," म्हनली. "आता तू बस."

समदी पाखरं हिच्यावर आली! डोळ्यावर, कानात, नाकात. तोंड मिटलं तर श्वास न्हाई, उघडलं तर पाखरू आत. गुडघं आपसुक मोडलं. बसली ती, तशीच पाठमोरी. हात उचलंना, पाय उचलंना. अंगावर पीठ सांडावं तसं पंखांचं पीठ. आन् ती दुसरी चालली, कड्याकडं, जुबेदाबाईकडं, हेमलताबाईच्या आवाजात हाका घालत! "जुबेदा, इकडं ये गं! इकडं वाट आहे!"

हिला समजलं, आता जुबेदा हिच्या आवाजाला भुलून पाय टाकनार. अंधारात. आन् म्होरं कडा.

तोंडात पाखरं घेऊन, घसा फाटस्तवर ती वरडली, "जुबेदा, हलू नकोस! ती मी नाही! पुढं कडा आहे! खाली बैस!"

आपल्याला सोडव म्हनली न्हाई बगा. खाली बैस म्हनली.

आन् अंगावरचं वजन हाललं. पाखरं उठली. एक हात मोकळा झाला, मग दुसरा. रांगत सुटली. रांगत, चाचपडत, जुबेदाच्या हाकंच्या रोखानं. जुबेदाबाई कड्याच्या तोंडाला व्हती. एक पाय खाली सुटल्याला, कारवीच्या झुडपाला मिठी मारल्याली. झुडूप उपसत आल्यालं! हेमलताबाईनं मनगाट धरलं, टाचा रोवल्या, आन् वडलं. दोघी दगडावर पडल्या.

सुटल्या म्हनता? थांबा!

हात हातात धरून दोघी उतराया लागल्या. अंधारात एकमेकींचं त्वांडबी दिसंना. आन् मागनं आवाज आला. जुबेदाबाईचा. लई गोड. "हेमा, मला सोडून कुठं चाललीस? तू धरलीस ती मी नाही गं. मी इथं मागं आहे. तुझं पाखरू आणलंय. तुझ्याच नावानं लिहू या, सगळं तुझ्याच नावानं."

हेमलताबाई जाग्यावर थिजली. हातातला हात बर्फागत गार. ही खरी का ती खरी? गाराठ्यानं गार, का मेल्याली म्हनून गार? बोटं सैल पडाया लागली. सैल पडलीच म्हना.

तेवढ्यात हातातली बोलली. बोलली म्हंजे काय, कडाडली! "मूर्ख बाई! सासूला आजारी पाडतेस? मी डाळिंबं घेऊन गेले बघायला, तर म्हातारी ठणठणीत भाकऱ्या थापत बसलेली! लाज वाटली मला! चल आता, नाहीतर इथंच थोबाडीत देईन!"

हेमलताबाईनं ते मनगाट असं गच्च आवळलं, की दुसऱ्या दिशी तिथं निळं वळ व्हतं. मी बगितल्यात. ती मला म्हनली, "मामा, मागची माझ्या मनातलं बोलत होती. पुढची शिव्या देत होती. मी शिव्या धरल्या."

मी आन् गडी टेंभं घेऊन अर्ध्या वाटंत पोचलो, तवा दोघी उतरताना भेटल्या. मागनं कोन तरी रडल्यागत आवाज येत व्हता. आमी कुनीच वळलो न्हाई.

हितं आनलं, चुलवानापाशी बसवलं, गरम रस पाजला. आन् हेमलताबाईनं समदं सांगितलं. त्यो हो सुदीक सांगितला. जुबेदाबाईच्या म्होरं. जुबेदाबाई उठली, आन् एकटीच रस्त्याला जाऊन हुबी ऱ्हायली, फाटंच्या एस्टीची वाट बगत. वरीसभर दोघींचं बोलनं न्हवतं. काम पुरं झालं, पुस्तक छापलं, दोघींची नावं आली. शेजारी शेजारी. तरी बोलनं न्हवतं.

पन ऐका, बोलनी कशानं चालू झाली ते. सड्यावरल्या त्या पाठमोरीनं कबूल केल्यालं पाळलं हो! समदी पाखरं तुजी म्हनली व्हती न्हवं? आवसंच्या राती हेमलताबाई जितं बसल, तितं पाखरं येत्यात. दिवा नसू द्या. पदरावर, केसात, पापनीवर. रातभर. घरचं बाहीर पळत्यात. सासूनंच एकदा जुबेदाबाईला सांगावा धाडला. तवापसनं दर आवसंला जुबेदाबाई जाती. दारंखिडक्या लावती, अंधारात तिच्या म्होरं बसती, आन् एकेक पाखरू हळू उचलून खाली ठेवती. मोजत न्हाईत त्या. पाखरांची नावंबी घेत न्हाईत.

म्हनून सांगतो. चिंचंच्या वरल्या अंगानं सड्याला जानारी वाट हाय, ती तुमाला दिवसा दिसंल, लई जवळची वाटंल. जाऊ नगा. आवसंला वर दिवा दिसला, तर आपल्या घराकडं त्वांड करून चालाया लागा. आन् गेलाच कवा चुकून, आन् पाठमोऱ्या बसल्याल्या कुनी इचारलंच, "ती तुजी कोन?" तर उत्तर देऊ नगा. मैत्रीन म्हनून सुदीक देऊ नगा.