आत्या माफ करीना

मी मूळची येडशीकडची. सातवीत शाळा सुटली, मग लगीन, मग मालकांच्या मागं इकडं पनवेलला आले, आता पोरींच्या वसतिगृहात पोळ्या लाटते, देवाच्या दयेनं लेकरं शिकतेत, तक्रार न्हाय. पर जीव सगळा तिकडं. फोन वाजला की पहिलं मनात येतंय, आबांना काय झालं का. आबा म्हंजी माझे वडील.

आमचं घर आज्यापासून ख्रिस्ती. आबा गवंडीकाम करायचे अन् रविवारी मंडळीत, म्हंजी आमच्या चर्चात, बोलायला उभे राहायचे, आवाज असा की वरचा पत्रा वाजायचा, अन् बोलायचे ते न्यायाच्या दिवसाचंच. प्रभू येईल, मेंढरं उजव्या हाताला घेईल, शेरडं डाव्या, अन् डावीकडच्यांना आगीत धाडील, आता तरी पश्चात्ताप करा. मी लहानपणी इतकी भ्यायची, काय सांगू तुम्हाला, शेळीचं दूध बी पीत नव्हते.

त्यांची धाकटी बहीण, माझी सोनाआत्या. तिनं तेरच्या मेंढरंवाल्यांच्या घरातला पोरगा पसंत केला, हिंदू. आबांनी भर अंगणात सांगितलं, त्या दिवशी तू शेरडांत उभी राहशील, अन् मी तुला वळखायचा न्हाय. आत्या गेली ती गेलीच. मी तवा शाळेत व्हते, आता माझी थोरली दहावीला हाय, बघा.

आमच्यात रीत हाय, प्रभुभोजनाच्या आदल्या शुक्रवारी घरोघर जायचं, हात जोडायचे, चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं, मगच रविवारी चर्चात प्रभूच्या नावाची भाकर घ्यायची. आबा समदी घरं फिरायचे, एक तेर सोडून.

औंदा त्यांचं काळीज कमजोर झालं, डॉक्टर म्हणले जपा. आमच्या चर्चाचे पाळकसाहेब भेटायला आले तर आबा म्हणले, साहेब, आयुष्यभर दुसऱ्यांचा न्याय म्याच करत बसलो, आता माझा व्हायचाय, सोनीकडं गेल्याबिगर भाकर तोंडात घालणार न्हाय. मी रजा टाकून गेले, धाराशिवहून तेरची गाडी धरली, आबा खिडकीशी बसून पुटपुटत व्हते, तिथं काय बोलायचं ते.

आत्या दारातच. केस पिकलेले, नाक हुबेहूब आबांचं. म्हणली, या प्रवचनकार, मागं जनावरांच्या वाडग्यात शेरडं बी हायती अन् मेंढरं बी, जरा निवडून द्या मला. आबांचं पाठ केलेलं समदं गेलं. म्हणले, सोने, चुकलो मी, माफ कर. आत्यानं चहा ठेवला, भाकरी थापल्या, पोटभर जेवू घातलं अन् म्हणली, आज न्हाय. पुढच्या शुक्रवारी या, बघते.

आबा गेले की पुढच्या शुक्रवारी. त्याच्या पुढच्या बी. दर वेळी जेवण, दर वेळी शिव्या, अन् निघताना, आज न्हाय. पाळकसाहेब म्हणले, आबा, तुम्ही मनापासून मागितली, प्रभूनं बघितलं, घ्या भाकर. ऐकंनात. इकडं पनवेलला मला एकच घोर, माणूस भाकर न घेता असाच गेला तर? म्या रडतच आत्याला फोन लावला, आत्या, एवढ्या कठोर नका होऊ.

आत्या म्हणली, अगं येडे, माफ तर पहिल्याच दिवशी केलं, त्याला दारात धापा टाकताना बघून. पर सांगितलं तर यायचा बंद व्हईल की! किती वर्सांनी भाऊ समोर बसून जेवतोय माझ्या.

म्या म्हणलं, आत्या, त्यांना वाटतंय देवच तुमच्या तोंडून न्हाय म्हणतोय.

बाई बाई, म्हणली, म्या तर नुसती भांडत व्हते गं.

रविवारी आत्या पहिल्या गाडीनं हजर, मंडळीच्या दारात, समद्यांदेखत. म्हणली, दादा, माफ केलं तुला, जा आत. आबा लेकरावाणी रडले, मग भाकर घेतली. पाळकसाहेबांनी तिला बी आत बोलावलं, तर म्हणली, मी पायरीवरच बरी, इथनं समदं ऐकू येतंय.

पुढच्या शुक्रवारी आबांना फोन केला तर मागं गाडीचा खडखडाट. कुठं निघालात? म्हणले, तेरला. आता कशाला आबा, माफी मिळाली की. म्हणले, माफी मागायला न्हाय, जेवायला.

अजून जातेत. न्यायाचं बोलणं बी अजून करतेत, पर आवाज उतरलाय, अन् चुकणाऱ्यांत पहिलं नाव सोताचं घेतेत. मी हितं रोज एवढंच मागते, देवा, त्यांना न्यायाला बोलवायची घाई करू नको, बहीण-भावाचं भांडण अजून संपायचंय.