मधली कोरी जागा

—नाही, त्या कपाटाला हात लावू नका, साहेब. ताईची वही मिळणार नाही. तिला जाऊन वीस दिवस झाले आणि तिच्या ऑफिसातून आज कुणीतरी उगवतं, तेही रिकामी पिशवी घेऊन! पिशवी कशाला ते मला कळत नाही होय? शाळा सातवीत सुटली माझी, वेल्डिंग करतो, पण डोकं गहाण ठेवलेलं नाही. काम तिचं, छापताना वर नाव तुमचं — काय? तिचंच नाव पहिलं येणार? असं सगळेच म्हणतात.

आणि मला यातलं काही कळत नाही असं समजू नका. मोठ्या दीर्घिकेभोवती — अब्जावधी ताऱ्यांचा थवा तो — काहीतरी पसरलेलं असतं — कृष्णद्रव्य — दिसत नाही, पण ओढतं. त्यात लहान दीर्घिका फिरतात. मालक दिसत नसला तरी पोरं कुठं घोळका करून उभी आहेत त्यावरून तो कुठं बसलाय ते कळतं ना, तसं — लहान कुठं दाट, कुठं विरळ, ते मोजायचं. ताईनं याच टेबलावर शिकवलं. आणि तिला सापडलं काय? की अगदी मधोमध लहान एकही नाही! मोठीनं ओढून फाडून टाकल्या. दुर्बिणीतल्या दोनशे फोटोंत एकही नाही — केवढी नाचली होती! म्हणाली, ठिणग्या — मला याच नावानं हाक मारायची — हे तुझ्यामुळं. मग? खुणा कुणी केल्या? मीच. कॉम्प्युटरपेक्षा तुझी नजर बरी म्हणायची. रोज कामावरून आलो की फोटोतल्या एकेक ठिपक्याला, म्हणजे लहान दीर्घिकेला, लाल पेननं गोल. आता दिवसभर वेल्डिंग केल्यावर डोळ्यांत नुसती वाळू, आणि मध्ये ती मोठी असली लखलखीत — बघवतंय कुणाला? मधलं सोडायचो, कडेकडेनं गोल करायचो, वहीत मधल्या रकान्यात शून्य — म्हणजे — तिथं नसतीलच ना काही? ती विचारायची, नीट बघितलंस ना रे? बघितलं की, ताई.

असे का बघताय? सगळ्या फोटोंत नाही हो, शेवटच्या तीस-चाळीस — नाही. सगळ्याच. रविवारी सांगणार होतो तिला. बुधवारीच तो ट्रक —

हे कुठं बोलायचं नाही. वही देतो, न्या, छापा, तिचं नाव पहिलं टाका — तुम्हीच म्हणालात ना आत्ता? मग पेन कशाला काढलं? काय लिहिलंत? ‘मधलं बघितलेलंच नाही’? खोडा. खोडा म्हणतो ना! — राहू द्या तसंच. उठा, साहेब. दार तिकडं आहे.